उपसर्गांची जपमाळ

'उपसर्ग' ह्या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. धातूच्या किंवा शब्दाच्या आरंभी लागून त्याचा अर्थ पालटविणारे 'प्र', 'परा', 'अप' इत्यादी शब्दांश, हा व्याकरणातला अर्थ. आणि कोणाला पोहोचणारी पीडा किंवा त्रास, हा व्यवहारातला. इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याचा रामबाण उपाय म्हणून सध्या मुलांच्या हाती जी इंग्रजी उपसर्गांची जपमाळ देण्यात येते, ती पाहिली म्हणजे हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन मिळाले आहेत असे म्हणावे लागते.

स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके, शिकवणीवर्गांची टिपणे, भिंतीवर डकविण्याचे तक्ते, भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरणाऱ्या याद्या, सर्वत्र मंत्र एकच. 'प्री' म्हणजे पूर्वी, 'अँटी' म्हणजे विरुद्ध, 'इन' म्हणजे नाही, 'री' म्हणजे पुन्हा. एवढे मुखोद्गत करा की हजारो शब्द आपोआप तुमचे अंकित होतील! पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या इंग्रजीसाठी पैसा ओतणाऱ्या आईबापांस हा सौदा स्वस्त वाटावा ह्यात नवल नाही. मूल बिचारे तक्ता घोकते, घडाघडा म्हणूनही दाखविते. परंतु वर्तमानपत्रातला साधा अग्रलेख पुढे ठेवला की अडखळते. मग दोष मुलाच्या बुद्धीस लावला जातो. आमच्या मते दोष मुलाचा नाही, त्या सौद्याचाच आहे.

ह्या समजुतीची वंशावळ पाहण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे अध्यापक जेम्स ब्राउन ह्यांनी चौदा इंग्रजी शब्दांची एक यादी सिद्ध केली. ह्या चौदा शब्दांत वीस उपसर्ग व चौदा मूलधातू सामावलेले असून मध्यम आकाराच्या कोशातील चौदा हजारांवर शब्दांत आणि बृहत्कोशातील लाखभर शब्दांत हे घटक आढळतात, असा त्यांचा हिशेब होता. हिशेबाविषयी आमची तक्रार नाही. त्यावरून जे अनुमान काढले जाते त्याविषयी आहे. एखादा घटक शब्दात असणे ही एक गोष्ट आणि त्या घटकावरून शब्दाचा अर्थ कळणे ही अगदी निराळी गोष्ट. ब्राउनसाहेबांच्याच यादीतले शब्द घ्या. 'ऑफर' ह्यात 'समोर' आणि 'वाहणे' असे दोन घटक आहेत. 'इन्सिस्ट' ह्यात 'वर' आणि 'उभे राहणे' असे आहेत. 'प्रिसेप्ट' ह्यात 'आधी' आणि 'घेणे' असे आहेत. आता ज्याला हे शब्द मुळीच ठाऊक नाहीत अशा मुलास विचारा, 'आधी घेणे' ह्यावरून 'उपदेशवचन' हा अर्थ त्याला काढता येईल काय? आगाऊ रक्कम असा अर्थ त्याने केला तर त्याला हसण्याचा अधिकार कोणास आहे? अर्थ आधी कळलेला असला तर हे घटक त्याची आठवण पक्की करतात, हे खरे. पण खुंटीला अंगरखा टांगता येतो म्हणून खुंटी अंगरखा शिवून देते असे कोणी म्हणत नाही.

तक्त्यातील एकेक ओळ तपासली तर घोटाळा अधिकच स्पष्ट होतो. 'इन म्हणजे नाही' हे सूत्र पाठ केलेला मुलगा 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध मनुष्य समजेल. वस्तुतः तो कुप्रसिद्ध असतो. 'इनव्हॅल्युएबल' वस्तू तो टाकाऊ समजून केरात टाकील. वस्तुतः ती अमोल असते. आणि 'इन्फ्लेमेबल' असे लिहिलेल्या डब्याशेजारी तो निःशंकपणे काडी ओढील! कारण लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत, एक निषेधाचा व एक 'आत' किंवा 'वर' अशा अर्थाचा, आणि ह्या शब्दातला दुसरा आहे. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी त्यांचीही येथे फसगत होण्याचा धोका जाणवल्यामुळे विसाव्या शतकात अग्निसुरक्षेची चिंता वाहणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' ह्या आखूड शब्दाचा पुरस्कार केला. जेथे घरच्यांची ही अवस्था, तेथे पाहुण्यास 'इन म्हणजे नाही' एवढ्याच शिदोरीवर वाटेस लावणे म्हणजे त्याची फसवणूकच होय.

'अँटी म्हणजे विरुद्ध' हेही तसेच. 'अँटिसिपेट' ह्या शब्दात विरोधाचा लवलेशही नाही. तेथील मूळ उपसर्ग लॅटिनचा 'अँटे', म्हणजे 'पूर्वी', हा आहे, आणि अर्थ आहे आधीच ओळखणे. 'डिस' ह्या उच्चाराचे तर दोन निरनिराळ्या घराण्यांतले उपसर्ग आहेत. 'डिसऑर्डर' मधला लॅटिन, 'डिस्पेप्सिया' मधला ग्रीक. तक्त्यात मात्र दोघांची एकच पंगत. शिवाय जेथे उपसर्गच नाही तेथेही तो दिसू लागतो हे आणखी एक संकट. 'अंकल' मध्ये 'अन' नाही, 'रेडी' मध्ये 'री' नाही. मराठीत 'बे' हा फारसी उपसर्ग अभाव दाखवितो. बेइमान, बेफिकीर, बेघर हे शब्द आपण नित्य वापरतो. म्हणून ज्याला 'डूक' नाही तो बेडूक अशी व्युत्पत्ती कोणी शिकवू लागला, तर आपण त्याला शाळेत ठेवू काय? इंग्रजीत मात्र हेच शिक्षण पैसे मोजून घेतले जाते.

ह्यावर कोणी म्हणेल, तर मग उपसर्ग शिकवूच नयेत काय? असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १९८९ साली अमेरिकेतील व्हाइट, सॉवेल व यानागिहारा ह्या तिघा अभ्यासकांनी शालेय पुस्तकांतील शब्दांच्या गणनेवरून असे दाखविले की, उपसर्गयुक्त शब्दांपैकी ५८ टक्के शब्दांत 'अन', 'री', निषेधार्थी 'इन' व त्याची रूपे, आणि 'डिस' हे चारच उपसर्ग असतात, आणि वीस उपसर्गांत ९७ टक्के शब्द आटोपतात. मुलांचे खरे काम कोठे आहे हे ह्यावरून दिसते. पंचाहत्तर उपसर्गांचा तक्ता भिंतीवर लावण्यात भिंतीची शोभा असेल. विद्यार्थ्याचे हित ह्या चारपाचांशी घट्ट ओळख होण्यात आहे.

शिवाय ह्या उपसर्गांतही जिवंत व निर्जीव असा भेद केला पाहिजे. 'अनसेफ', 'रीराइट', 'मिसयूज', 'ओव्हरलोड' ह्यांतले उपसर्ग जिवंत आहेत. ते काढून घेतले तरी मागे उरलेला शब्द स्वतंत्रपणे नांदतो, आणि बोलणारा आजही त्यांच्या साहाय्याने नवा शब्द घडवू शकतो. उलट 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'परमिट' ह्यांतले उपसर्ग शिंपल्यासारखे दगडात बसून गेलेले आहेत. ते पाहून विद्वानांस आनंद होईल, पण त्यांच्या जोरावर नवशिक्याला अर्थ लागणार नाही. पहिल्या प्रकारचे उपसर्ग नियम म्हणून शिकवावेत. दुसऱ्या प्रकारचे शब्द अखंड शब्द म्हणूनच, वाक्यांत, पुनःपुन्हा भेटू द्यावेत. आणि पहिल्या प्रकारातही शेवटचा निवाडा वाक्याने करावा. 'इनव्हॅल्युएबल' मधून उपसर्ग काढला तर 'व्हॅल्युएबल' हा धडधाकट शब्द उरतो, तरीही अर्थ उलटा होत नाही, हे वर आलेच आहे. उपसर्ग हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. परीक्षेत अनोळखी शब्द आला असता आधी वाक्याची साक्ष घ्यावी आणि नंतर उपसर्गाची. दोघांची जबानी जुळली तरच अर्थ मान्य करावा.

आता आमच्या तक्रारीचा खरा गाभा. मराठी घरातल्या मुलाला उपसर्ग ही कल्पना इंग्रजीकडून उसनी घेण्याचे कारणच नाही. संस्कृत वैयाकरणांनी 'प्र'पासून 'उप'पर्यंत बावीस उपसर्ग गणले आणि त्यांतील बहुतेक मराठीत आज राबत आहेत. उपकार, अपकार, विकार, अधिकार, प्रतिकार. संवाद, विवाद, अनुवाद, अपवाद, प्रतिवाद. एका मुळाला किती फांद्या फुटतात हे मुलाच्या रोजच्या बोलण्यात आहे. उपसर्गामुळे अर्थ किती दूर जाऊ शकतो हेही तेथेच शिकता येते. प्रहाराचा आहाराशी आणि आहाराचा विहाराशी काय संबंध, असे विचारले की लहान मूलसुद्धा सावध होते. 'इन' चे 'इम्पॉसिबल', 'इल्लीगल', 'इर्रेग्युलर' असे रूपांतर का होते, हे इंग्रजी तक्ता अपवाद म्हणून घोकवितो. पण ज्याला 'उत्' पासून उल्लेख, उज्ज्वल, उन्नती व उड्डाण कसे झाले हे ठाऊक आहे, त्याला ते सांगावेही लागत नाही. पुढच्या वर्णाशी जुळवून घेणे हा जिभेचा धर्मच आहे.

आणि हे नुसते साम्य नव्हे, पुष्कळ ठिकाणी रक्ताचे नाते आहे. १७८६ साली कलकत्त्यास सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले, आणि पुढील भाषाशास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले. आपला 'प्र' व लॅटिन 'प्रो', आपला 'परि' व ग्रीक 'पेरी', आपला 'दुस्' व ग्रीक 'डिस', आपला 'अंतर्' व लॅटिन 'इंटर', आपला निषेधार्थी 'अन्' व इंग्रजीचा 'अन' ही सख्खीचुलत भावंडे आहेत. भूमितीच्या तासाला 'पेरिमीटर' घोकणाऱ्या मुलाला परिमिती हा शब्द दाखवा. उपसर्ग तोच, धातूही तोच, अर्थही तोच. दोन शब्द एकमेकांच्या आधाराने जन्मभर लक्षात राहतील.

परंतु होते काय? ज्या घरात 'कॉन' म्हणजे एकत्र आणि 'डाय' म्हणजे वेगळे हे मुलाकडून तिन्हीत्रिकाळ वदवून घेतात, त्याच घरात अभिसारी आणि अपसारी हे गणितातले शब्द ऐकले की 'बाई, काय हे क्लिष्ट मराठी!' म्हणून कपाळाला हात लावतात. 'कन्व्हर्जंट' व 'डायव्हर्जंट' सोपे आणि हे मात्र अवघड! 'अभि' म्हणजे कडे, 'अप' म्हणजे दूर, 'सृ' म्हणजे सरकणे, एवढे कोणी कधी सांगितलेच नाही, तर अवघड वाटणारच. मराठी परिभाषा दुर्बोध आहे अशी जी ओरड होते तिचे एक मोठे कारण परिभाषेत नसून आपण मुलांना आपले उपसर्गच शिकविण्याचे सोडले ह्यात आहे. परक्या भाषेचे अवयव मोजावयाचे आणि स्वभाषेचे अवयव बधिर होऊ द्यावयाचे, ह्या शिक्षणाने इंग्रजीही येत नाही आणि मराठीही राहत नाही.

ह्यास उपाय अवघड नाही आणि त्यास पैसाही लागत नाही. मुलाने इंग्रजी पुस्तक रोज चार पाने वाचावे. वाचताना भेटलेला उपसर्गयुक्त शब्द वाक्यासह वहीत उतरावा, त्याचे पोट फोडून पाहावे, आणि शेजारी त्याच घडणीचा मराठी शब्द लिहावा. जेथे घडणीवरून अर्थ निघत नाही तेथे तसे स्पष्ट नोंदवावे. आठवड्यातून एकदा वडिलांनी किंवा आईने ती वही पाहावी. त्यांचीही मराठी त्यामुळे थोडी उजळेल. वर्षअखेर अशा वहीत पाचसहाशेच शब्द जमले तरी ते त्या मुलाच्या मालकीचे असतील. चौदा हजारांचे आश्वासन घेऊन रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा हा व्यवहार, आमच्या मते, केव्हाही अधिक फायद्याचा आहे.