आशाताईंचा एकाहत्तरीतला आवाज

मैत्रिणींनो, आपल्या आवडत्या गायिकेनं जुनीच गाणी नव्यानं गायलीत असं कळलं, की आनंदाआधी धास्ती वाटते. आवाज तसाच असेल ना? आशाताई भोसल्यांचा हा आल्बम निघाला २००५ साली, पण आमच्या वसमतला तो माझ्यापर्यंत पोचला यंदाच्या दिवाळीत, लेकीनं मोबाइलवर लावून दिला तेव्हा. मग चार दुपारी मी तोच ऐकला.

बारा गाणी, सगळी राहुलदेव बर्मन यांची. बर्मन १९९४ मध्ये गेले. त्यानंतर अकरा वर्षांनी ही गाणी आशाताईंनी परत हाती घेतली. साथीला अमेरिकेतला ‘क्रोनॉस क्वार्टेट’: दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. हा चमू १९७३ पासूनचा, जिमी हेंड्रिक्सचं रॉक गाणंसुद्धा त्यांनी या चार वाद्यांवर वाजवलं. तबल्याला झाकीर हुसेन. आल्बमला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं होतं.

आता खरं सांगू? ‘कारवाँ’मधलं हेलनचं ते कॅब्रे गाणं मला अजूनही १९७१ चंच आवडतं. तेव्हाचा तो दम, ते श्वासाचे झटके! बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लावून बसणाऱ्या पिढीचे कान आमचे, ते इतक्या सहज बदलायचे नाहीत. पण ‘इजाजत’मधलं ‘मेरा कुछ सामान’? त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ते मात्र या वयाच्या आवाजातच जास्त खरं वाटलं बाई. आवाज थोडा जाड झालाय, खालच्या सुरांत एक खर आलीय. मागं राहिलेल्या वस्तू परत मागणारी बाई अशीच बोलेल. मी हळद निवडत होते, हात तसाच थांबला.

आमच्या जाऊबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, “एकाहत्तराव्या वर्षी असली गाणी? अभंग गावेत आता.” मला हसू आलं आणि थोडं लागलंही. घरात सून आली, की आपण आपणहून फिक्या रंगाच्या साड्या घेतो, गुणगुणणं बंद करतो. कुणी सांगितलेलं नसतं, बरं का! आणि इकडं आशाताई त्या वयात, परक्या देशातल्या वादकांबरोबर, ‘दम मारो दम’ गातात, तेही अंग चोरून नव्हे. दुसऱ्या दिवशी जाऊबाईच विचारत आल्या, “ते कालचं लावतेस का गं?”

तुम्हीही ऐका, पण एक करा. आवाज मोठा यावा म्हणून मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवू नका, व्हायोलिनं पत्र्यासारखी वाजतात. लाकडी पाटावर ठेवा, आणि मिक्सर आधीच फिरवून घ्या.