छापील चित्राचा कैवार

गेल्या महिन्यात आमच्या सरकारी घराच्या बैठकीच्या खोलीत मी वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राची छापील प्रत चौकटीत बसवून लावली. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक मराठी स्नेही दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "हे आहे तरी काय?" दुसरा, "अस्सल नाही ना?"

पहिल्या प्रश्नाचे मला फारसे वैषम्य वाटत नाही. मंडळाच्या मैफलीत तराणा रंगला की हेच स्नेही मान डोलावतात. त्यातील बोलांचा अर्थ कोणी विचारीत नाही. कानाला दिलेली मोकळीक डोळ्याला देताना एवढी खळखळ का, ते त्यांनीच सांगावे.

माझा खरा वाद दुसऱ्या प्रश्नाशी आहे. "छापील म्हणजे नक्कल, ऐपत नसेल तर भिंत कोरी ठेवावी," असे एका वरिष्ठांनी चहा घेता घेता मला सुनावले. त्यांच्या देवघरातील लक्ष्मी कोणती आहे? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तिथल्या शिळाछापाच्या तसबिरी घरोघर गेल्या, आणि त्यांच्याच वळणाची ही लक्ष्मी आहे. तिच्यापुढे निरांजन ओवाळताना मूळ तैलचित्राची चौकशी केल्याचे ऐकिवात नाही. देव छापील चालतो. रंगांची शांतता मात्र अस्सलच हवी!

या अस्सलपणाच्या सोसामागे पैसा आहे, दुसरे काही नाही. २०१३ साली मुंबईच्या लिलावात गायतोंड्यांचे १९७९ मधील एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. नागपुरात जन्मलेला, जे. जे. मध्ये शिकलेला हा चित्रकार पुढे दिल्लीत निजामुद्दीनच्या लहानशा जागेत राहिला आणि २००१ साली वारला. त्या काळात आपल्यापैकी किती घरांना त्याचा पत्ता होता? मीही ते नाव प्रथम लिलावाच्या बातमीतच वाचले, हे कबूल करतो.

प्रतीत पुष्कळ हरवते, हेही खरे. गायतोंडे रुळाने रंग पसरीत, सुरीने खरवडीत, थरावर थर चढवीत. तो आतून येणारा उजेड कागदावर उतरत नाही. त्यासाठी जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची वाट धरावी. परंतु प्रत भिंतीवर नसती, तर एका रविवारी मी तिकडे गेलोच नसतो.

राग धरायचाच तर तो दुकानदारांवर धरावा. मला प्रथम दाखविलेली प्रत दोन्ही बाजूंनी कापलेली होती, चित्रकाराचे नाव कोठेही नव्हते, आणि वर विचारणा अशी की सोफ्याचा रंग कोणता? ती मी परत केली. दुसऱ्या दुकानात पुरे चित्र मिळाले. चौकटीला मात्र चित्राहून अधिक पैसे पडले.

पुढल्या वर्षी बदली ठरलेली आहे. ट्रकमध्ये काच फुटू नये म्हणून पत्नीने एक गोधडी आतापासूनच बाजूला काढली आहे. वरिष्ठांनी आपली लक्ष्मी पाच बदल्यांतून सुखरूप कशी नेली, ते एकदा विचारून घेणार आहे.