वैशाखाचें ऊन आणि घरांतली नजर

गेल्या महिन्यांत मुरगूडहून एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांस आलें. पत्र चार पानी आहे, आणि त्यांतलीं पहिलीं तीन पानें क्षमायाचनेंतच खर्ची पडलीं आहेत. 'इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठीं आपला वेळ घेत आहें' हें वाक्य त्यांत तीनदां येतें. मुद्दा चौथ्या पानावर आहे. ही भगिनी शिक्षिका असून रोज सकाळीं एस्. टी.नें कोल्हापुरास जाते व दुपारीं परत येते. घर मोठें व एकत्र आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या गालांवर व कपाळावर वांगाचे तपकिरी डाग उमटले. त्यावरून घरांत कोणी वाईट बोललें नाहीं. फक्त हळदीकुंकवास आलेल्या बायकांपुढें चुलत सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "आमच्या घरांत आली तेव्हां किती उजळ होती हो ही!" दुसऱ्याच दिवशीं तिनें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून दुकानांतून 'डाग घालविणारें' एक मलम आणलें. तीन आठवड्यांत चेहरा उजळला आणि घरांत कौतुक झालें. चार महिन्यांनीं तोच चेहरा लाल होऊन जळूं लागला, त्यावर बारीक लव आली, आणि उन्हांत पाऊल टाकवेना. आतां ती विचारते, "सनस्क्रीन लावल्यानें हें बरें होईल का? कीं तीं सारीं शहरी थेरें, असें घरांत म्हणतात तेंच खरें?"

आम्ही हा प्रश्न क्षुल्लक मानीत नाहीं. शिवाय तो एकट्या मुरगूडचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर या पानांतून सर्वांसमक्ष देत आहों.

प्रथम उन्हाचाच विचार करूं. वेदगंगेच्या कांठचें मुरगूड हें गांव कर्कवृत्ताच्या बरेंच दक्षिणेस आहे. अशा गांवीं सूर्य वर्षांतून दोनदां अगदीं माथ्यावर येतो. मुरगुडास तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत येतो आणि पुन्हां ऑगस्टच्या आरंभीं येतो. त्या दिवशीं साडेबाराच्या सुमारास अंगणांत उभ्या रोवलेल्या काठीची सावली नाहींशी होते. मुलांस हा प्रयोग अवश्य करूं द्यावा, कारण त्यांतच उन्हाची प्रखरता मापण्याची एक सोपी युक्ति आहे. आपली सावली आपल्या उंचीहून लहान असेल, तर त्या वेळचें ऊन त्वचेस बाधक समजावें. सावली लांब असेल, तर भीति कमी. मुरगुडास डिसेंबरांतही मध्यान्हींची सावली उंचीहून तोकडीच राहते. अर्थात् ऊन जपण्याची गोष्ट केवळ वैशाखापुरती नाहीं. थंडीच्या दिवसांत ऊन सुखद वाटतें, पण वाटणें निराळें आणि होणें निराळें.

त्वचेस अपाय करणारा उन्हाचा भाग डोळ्यांस दिसत नाहीं व अंगास ऊबही देत नाहीं. जर्मनींतील येना येथें १८०१ सालीं योहान रिटर या शास्त्रज्ञास आढळलें कीं, प्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यांत जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथें कांहींच दिसत नाहीं तेथेंच, चांदीचा क्षार सर्वांत लवकर काळवंडतो. हेच अतिनील किरण. यांपैकीं आपणांपर्यंत पोंचणारे किरण दोन प्रकारचे आहेत. 'ब' किरण त्वचेचा वरचा थर भाजतात. 'अ' किरण खोल शिरतात, सुरकुत्या आणतात व डाग गडद करतात. 'ब' किरणांस खिडकीची साधी कांच बहुतांशीं अडविते, पण 'अ' किरण तींतून आरपार येतात. रोज एस्. टी.च्या एकाच बाजूस, कांचेला टेकून बसणाऱ्या आमच्या भगिनीनें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आपल्या गव्हाळ व सांवळ्या त्वचेंत मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य पुष्कळ असतें, आणि तें निसर्गानें दिलेलें छत्रच आहे. गोऱ्या लोकांच्या देशांत उन्हानें होणारा त्वचेचा कर्करोग जितका आढळतो, त्या मानानें तो आपल्यांत फार थोडा. तेव्हां उन्हाचा बाऊ करून कोणी घराचीं दारें लावून बसूं नये. मात्र ज्यांच्या त्वचेंत जन्मतःच रंग नाहीं त्यांस, आणि कोडाचे पांढरे चट्टे असणारांस, हें छत्र नसतें. त्यांनीं ऊन कसोशीनें टाळलें पाहिजे.

परंतु या छत्रासही किंमत मोजावी लागते. रंग निर्माण करणाऱ्या पेशी ऊन लागतांच अधिक रंग निर्माण करतात, आणि कित्येकांच्या चेहऱ्यावर तो सारखा न पसरतां चट्ट्याचट्ट्यांनीं साठतो. हाच वांग. सुश्रुतानें 'व्यंग' या नांवानें त्याची गणना क्षुद्ररोगांत केली असून क्रोध व आयास हीं त्याचीं कारणें सांगितलीं आहेत. आजचे वैद्यक ऊन, आनुवंशिकता, गर्भारपण आणि संततिनियमनाच्या गोळ्या हीं कारणें देतें. यांत स्त्रीचा दोष कोठें आहे? बाळंतपणानें व कुटुंबासाठीं सोसलेल्या उन्हानें उमटलेले डाग ही तिच्या निष्काळजीपणाची खूण खास नव्हे.

आतां उपाय. पहिला मान मलमाचा नसून सावलीचा व वस्त्राचा आहे. उसाच्या हंगामांत कागल तालुक्याच्या शिवारांत ज्यांनीं फेरी मारली असेल, त्यांनीं तोडणी करणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषी, पुऱ्या बाह्यांचा सदरा घालून व डोकें रुमालानें गुंडाळून काम करतांना पाहिल्या असतील. पाल्यानें हात कापूं नयेत म्हणून घातलेला तो सदरा उन्हासही अडवितो. ज्या ऑस्ट्रेलियांत या कर्करोगाचा उपद्रव फार, तेथें १९८१ सालीं सुरू झालेल्या मोहिमेनें लोकांस तीन गोष्टी शिकविल्या: सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला. त्यांतही सदरा पहिला. घट्ट विणीचें कापड, रुंद काठाची टोपी, छत्री आणि दहा ते चार या वेळांत शक्य तेवढी सावली, एवढें साधलें तर निम्म्याहून अधिक काम झालेंच. आमच्या घरांतील शिकलेल्या मुलींस छत्रीची लाज वाटूं लागली आहे, ती त्यांनीं टाकून द्यावी.

जो भाग वस्त्रानें झांकतां येत नाहीं, त्यासाठीं सनस्क्रीन, म्हणजे ऊन रोखणारें मलम. फ्रान्समध्यें १९३५ सालीं 'आंब्र सोलेर' नांवाचें तेल याच हेतूनें विक्रीस आलें, आणि १९४६ सालीं ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनीं गिर्यारोहकांच्या उपयोगी पडेल असें मलम बाजारांत आणलें. आज मिळणाऱ्या मलमांपैकीं कांहींत जस्ताचें किंवा टिटॅनियमचें ऑक्साइड असतें, तर कांहींत किरण शोषून घेणारीं इतर रसायनें असतात. दोन्ही उपयोगी आहेत. ज्यांची त्वचा नाजूक असेल त्यांस पहिलें सहसा अधिक मानवतें.

नळीवर एस्. पी. एफ्. असा एक आंकडा असतो. तो 'ब' किरणांपासूनच्या संरक्षणाचा आंकडा होय. १५ या आंकड्याचें मलम हे किरण शेंकडा सुमारें ९३ अडवितें, ३० चें ९७ आणि ५० चें ९८. यावरून दिसेल कीं, तिसाच्या पुढें आंकडा वाढतो तितकें संरक्षण वाढत नाहीं. 'अ' किरणांसाठीं पी. ए. या अक्षरांपुढें अधिक चिन्हें असतात. वांग असणारांनीं तीं निदान तीन तरी असल्याचें पाहून घ्यावें.

पण आंकड्याहून महत्त्वाची गोष्ट प्रमाण. हे आंकडे प्रयोगशाळेंत दर चौरस सेंटिमीटरास दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन काढलेले असतात. माणसें प्रत्यक्षांत लावतात तें त्याच्या पाव ते निम्मे. चेहरा व मान मिळून तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या लांबीइतकें मलम लागतें, म्हणजे सुमारें एक ग्रॅम. तें बाहेर पडण्यापूर्वीं पंधरावीस मिनिटें लावावें आणि उन्हांत राहावयाचें असल्यास दर दोन तासांनीं पुन्हां लावावें. दिवसांतून दोनदां म्हटलें तरी पन्नास ग्रॅमची नळी एका माणसास पंचवीस दिवस पुरेल. पाडव्यास आणलेली नळी ज्या घरांत दिवाळीपर्यंत पुरते, त्या घरांत 'सनस्क्रीनचा कांहीं उपयोग नाहीं' असें कोणी म्हटलें, तर दोष नळीचा नव्हे.

उपयोग होतो, हें ऑस्ट्रेलियांतील नाम्बूर गांवीं तपासून पाहिलेलें आहे. १९९२ ते १९९६ या काळांत तेथील १,६२१ माणसांपैकीं कांहींस रोज मलम लावण्यास सांगितलें आणि इतरांस त्यांच्या मर्जीवर सोडलें. रोज लावणारांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचें प्रमाण शेंकडा सुमारें ४० नें घटलें, आणि त्वचेचें जून होणेंही शेंकडा २४ नें कमी दिसलें. ती माणसें गोऱ्या कातडीचीं होतीं. आपणांस कर्करोगाचा लाभ कमी, डागांचा अधिक. वांगाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेंही गडद होतो. म्हणून लोहाच्या ऑक्साइडानें किंचित् मातकट रंगविलेलें मलम अशा माणसांस अधिक गुणकारी ठरतें.

एकत्र कुटुंबांत सर्व वयांचीं माणसें असतात, तेव्हां आणखी चार गोष्टी सांगून ठेवतों. सहा महिन्यांखालील बाळास मलम लावूं नये. त्यास सावली व वस्त्र हेंच संरक्षण. रक्तदाबासाठीं दिल्या जाणाऱ्या कांहीं गोळ्या व कांहीं प्रतिजैविकें यांनीं ऊन अधिक बाधतें, म्हणून आजोबांनीं आपल्या डॉक्टरांस तसें विचारून घ्यावें. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळून कोणीही उन्हांत जाऊं नये. लिंबाचा रस व ऊन यांच्या संयोगानें त्वचा भाजून काळे डाग पडतात. ड जीवनसत्त्वाची उणीव आपल्या देशांत पुष्कळ आढळते हें खरें, पण सनस्क्रीनच्या नेहमींच्या वापरानें ती उत्पन्न होते असें दिसून आलेलें नाहीं. शंका वाटल्यास रक्त तपासून घ्यावें.

आतां त्या 'डाग घालविणाऱ्या' मलमाविषयीं. त्यांत काय होतें हें आम्ही पाहिलेलें नाहीं. परंतु आरंभीं उजळणें आणि पुढें लाली, जळजळ, लव व उन्हाची असह्यता, हीं सारीं लक्षणें चेहऱ्यावर स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्याचीं म्हणून त्वचारोगतज्ज्ञांस सुपरिचित आहेत. २०१८ सालीं केंद्र सरकारनें स्टेरॉइडयुक्त अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत अशा वर्गांत घातलीं, तीं याच अनर्थामुळें. अशा चेहऱ्यास सनस्क्रीन एकट्यानें बरें करूं शकत नाहीं. तें केवळ रक्षण करतें. भगिनीनें तें मलम आपल्या मनानें एकाएकीं सोडूं नये किंवा चालूही ठेवूं नये, तर नळी बरोबर घेऊन लवकरांत लवकर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावें. बरें होण्यास कांहीं महिने लागतील. तोंवर छत्री, पदर आणि डॉक्टर सांगतील तें ऊनरोधक मलम, यांत खंड पडूं देऊं नये.

येथवर वैद्यक झालें. आमचें खरें म्हणणें याहून थोडें पुढें आहे. ज्या घरांत सनस्क्रीनला थेर म्हणतात, त्याच घरांत उजळ करणाऱ्या मलमाचें तीन आठवडे कौतुक झालें. एकास खर्च म्हटलें, दुसऱ्यास गुण. हा विरोध त्या घरांतल्या कोणाच्याच लक्षांत आला नाहीं, आणि तो आमच्या पुष्कळ घरांत येत नाहीं. १९७५ सालीं बाजारांत आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नांवांतला गोरेपणाचा शब्द कंपनीनें २०२० सालीं काढून टाकला. दुकानाच्या फळीवरून शब्द गेला, माजघरांतून तो जावयाचा आहे. त्वचा राखणें आणि त्वचा गोरी करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची गरज शेतावर जाणाऱ्या काकांस, मैदानावर खेळणाऱ्या मुलांस, आजोबांस व सुनेस सारखीच आहे. दुसरीची गरज कोणासच नाहीं.

चुलत सासूबाईंच्या मनांत कांहीं वांकडें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांच्या तरुणपणीं त्यांसही कोणी असेंच कांहीं म्हटलें असेल, आणि तें त्यांस आजही आठवत असेल. म्हणून आमची त्यांस एक विनंति आहे. सुनेस कोल्हापुरास डॉक्टरांकडे पाठवावयाचें ठरेल त्या दिवशीं त्यांनीं स्वतः बरोबर जावें. डॉक्टर जें सांगतील तें दोघींनीं ऐकावें, आणि पुढच्या हळदीकुंकवास कोणी डागांविषयीं विचारलें तर उत्तर त्यांनींच द्यावें. औषधाचें काम डॉक्टर करतील. हें काम घरांतल्याच माणसाचें आहे.