पश्मी : आपल्याकडील एक दुर्मिळ केसाळ श्वान

गेल्या महिन्यांत आमचे नातू, वय वर्षें अकरा, माझ्या आरामखुर्चीपाशीं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आजोबा, आपण ल्हासा अप्सो आणूं या ना !" शेजारच्या इमारतींत तसें एक कुत्रें आहे. त्याचे केस जमिनीवर लोळतात. मीं त्यास सांगितलें, "अरे, तें तिबेटच्या थंडींतलें पांघरूण. कळव्याच्या वैशाखांत त्या बिचाऱ्यानें तें कोठें काढून ठेवावें?" त्यावर तो म्हणाला, "मग आपल्याकडे केसाळ कुत्रा नाहींच का?" प्रश्न रास्त होता. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं तो विचारला जात असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

आपल्याकडे असा श्वान आहे व त्याचें नांव पश्मी. महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावर कारवान या नांवाची शिकारी कुत्र्यांची जात प्रसिद्ध आहे. इराण व अफगाणिस्तान येथून येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर हिचे पूर्वज इकडे आले, अशी परंपरा आहे, आणि पश्चिम आशियांतील सालुकी जातीशीं हिचें असलेलें साम्य पाहतां ती सहज पटते. हिच्यांत दोन प्रकार आढळतात. ज्याचें सर्वांग तोकड्या केसांचें तो कारवान. ज्याच्या कानांवर, शेपटीवर व पायांच्या मागील बाजूस रेशमासारखे लांब केस असतात तो पश्मी. फारसींत 'पश्म' म्हणजे लोंकर. पश्मिना शाल ती हीच. आपल्या संस्कृतांतील 'पक्ष्मन्', म्हणजे पापणीचा केस, हा त्याच शब्दाचा सख्खा भाऊ होय. तेव्हां पश्मीस 'पक्ष्मल श्वान' म्हटल्यास शब्दही शोभतो आणि अर्थही.

पुष्कळ वर्षांपूर्वीं लातूरकडे नोकरीस असतां एका विद्यार्थ्याच्या शेतावर मीं प्रथम पश्मी पाहिला. उंची दोन फुटांहून अधिक, डोकें लांब व निमुळतें, छाती खोल, पोट आंत गेलेलें. मी मास्तर या नात्यानें मोठ्या विश्वासानें हात पुढें केला. तो गुरगुरला नाहीं, भुंकला नाहीं. फक्त मान वळवून हाताच्या कक्षेबाहेर गेला. मुलगा संकोचून म्हणाला, "गुरुजी, घरच्याबिगर कुणाचा हात त्याला खपत नाही." धन्याशिवाय इतरांचा स्पर्श न आवडणें हा या जातीचा स्वभावच आहे. त्यास उद्धटपणा समजूं नये. हा श्वान वासापेक्षां दृष्टीवर शिकार करतो. दूर कांहीं पळतांना दिसलें कीं त्याच्या कानांत हांक शिरत नाहीं.

अशी ही जात विरळ कां झाली? एक कारण असें कीं, तिचें काम गेलें. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा बसला. तें योग्यच झालें, परंतु शिकारी कुत्र्याची गरज त्याबरोबर ओसरली. दुसरें कारण केसांतच आहे. कुसळें व गोखरू लांब केसांत अडकतात, म्हणून तोकड्या केसांचा श्वान पाळणें सोपें. शिवाय श्वानांच्या बहुतेक जातींत लांब केसांचा गुण सुप्त असतो. आई व बाप दोघांकडून मिळाल्यावांचून तो प्रकट होत नाहीं. सर्वत्र तोकड्या केसांचीच जोडी लावली, तर पश्मी दिसेनासा होतो. पुढें कधीं अशा जोडीस एखादें केसाळ पिल्लू झालें, तर धनी त्यास भेसळ समजून टाकून देण्याचा संभव असतो. मुधोळच्या घोरपडे राजांनीं याच कुळींतील श्वानांस आश्रय दिला. 2005 साली मुधोळ श्वानाचें टपाल तिकीटही निघालें. तोकड्या केसांच्या भावास हा मान मिळाला. पश्मी मात्र मागेंच राहिला.

आतां निगेविषयीं. रोज संध्याकाळीं फणीनें कान व शेपूट विंचरावी, गोचीड व कुसळें हातानें पाहावीं. पावसांत भिजल्यास कान व बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या, कारण आपल्याकडील दमट हवेंत तेथें बुरशी धरते. उन्हाळा आला म्हणून केस मुळापासून भादरूं नयेत. केस उन्हापासून कातडीचें रक्षणही करतात. अंगावर चरबी थोडी, म्हणून निजावयास घोंगडी द्यावी. भाकरी व दूध एवढ्यावर त्याचें भागत नाहीं; ज्या घरीं अंडेंही वर्ज्य, त्यांनीं आहाराविषयीं पशुवैद्यांस आधीं विचारावें. कांदा, द्राक्षें, मनुका व चॉकलेट कधींही देऊं नये. पिसाळीची लस न चुकतां टोंचावी.

मुख्य गोष्ट शेवटीं सांगतों. पश्मीस रोज मोकळें रान पाहिजे. दोन खोल्यांच्या घरांत त्यास आणणें म्हणजे घोडा माडीवर बांधण्यासारखें आहे. धर्मराजानें श्वानासाठीं स्वर्ग नाकारला. आपण मे महिन्यांत गांवीं जातांना तो कोठें राहील, एवढा विचार तरी कुत्रें आणण्यापूर्वीं करावा. ज्यांचें गांवाकडे शेत व माणसें आहेत, त्यांनीं मात्र पश्मीची चौकशी अवश्य करावी. अशा घरांवांचून ही जात टिकणार नाहीं.

आमच्या नातवास हें सर्व सांगितल्यावर तो जरा हिरमुसला. परंतु आमच्या जिन्याखालीं एक गांवठी कुत्री पावसापासून आडोसा धरून राहते. तिला लस टोंचून आणली, आणि रोज संध्याकाळीं फणी घेऊन तो तिच्यापाशीं बसतो. तिच्या अंगावर इंचभरही केस नाहीं. तरी नांव त्यानें पश्मी असेंच ठेविलें आहे.