झेंडू लावा, मग भाव करा!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव ऐकून तुमचेही डोळे पांढरे होतात ना? ‘परवा तर निम्म्यात होता!’ म्हणत आपण सगळेच घासाघीस करतो. माझं म्हणणं एवढंच, की भाव करण्याआधी प्रत्येकाने एकदा तरी घरी झेंडू लावावा.

काम सोप्पं आहे. वाळलेलं फूल चुरगाळलं की काळ्या, बारीक काड्यांसारखं बी हातात येतं. जुलैच्या सुरुवातीला ते कुंडीत पेरा, वर मातीचा पातळ थर द्या. आठवडाभरात कोंब दिसतील. तीन-चार आठवड्यांनी एका कुंडीत एकच रोप ठेवा. रोज 5-6 तास ऊन हवंच. शेणखत बेताने घाला, नाहीतर नुसता पालाच माजतो. पाणी बुडाशी द्या, फुलांवर नको. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. जिवावर येतं, पण त्यानेच फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. सुकलेली फुलं काढत राहिलात, तर नव्या कळ्या येत राहतात.

खरा धडा पुढेच आहे. बी पेरल्यापासून फूल यायला दोन-अडीच महिने लागतात. म्हणजे दसऱ्याच्या फुलाचा निर्णय ऐन पावसाळ्यात घ्यायचा! मध्ये पावसाची झड लागली तर तुम्ही कुंडी आत घ्याल. शेतकऱ्याने अख्खं शेत कुठे न्यायचं? भिजलेली फुलं कुजतात. फुलं आठवडाभर आधी उमलली, तर दसरा काही अलीकडे येत नाही. आणि सगळ्यांचा माल एकदम आला, की भाव असा कोसळतो की तोडणीची मजुरीही निघत नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी रस्त्याकडेला पडलेले झेंडूचे ढीग आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

‘सगळ्यांनी घरीच लावला तर शेतकऱ्याकडून घेणार कोण?’ असं कुणी विचारेल. अहो, एका कुंडीत दाराचं तोरण होत नाही! बाजारात जावं लागणारच. फक्त पाच-दहा रुपयांसाठी अडून बसताना आपलीच कुंडी आठवेल.

तेव्हा यंदाचं तोरण उतरवलंत, की सगळंच निर्माल्यात टाकू नका. दोन टपोरी फुलं कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. फुलं संकरित असतील तर रोप हुबेहूब तसंच येईल असं नाही. पण येईल. आणि मोबाइलमध्ये जुलैचा रिमाइंडर आत्ताच लावा.