आंधळ्याला घोडा कशाला?

अंध माणसानं पेटी वाजवावी, खुर्च्या विणाव्यात, मेणबत्त्या कराव्यात. फारच शिकला तर टेलिफोनवर बसावं. ही यादी कुणी केली कोण जाणे, पण आपल्या डोक्यात ती पक्की आहे. तिच्यात घोडा नाही. म्हणूनच माझा एक जुना विद्यार्थी तबेल्यात काम मागतोय असं घरात सांगितलं, तेव्हा आमच्या एका पाहुण्यांनी (ते हे वाचणार आहेत, वाचोत!) हसून विचारलं, "गुरुजी, आंधळ्याला घोडा कशाला?"

मंडळी, हा मुलगा पारनेर तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. मेंढरांमागं भटकणाऱ्या या घरांत घोडं म्हणजे चैन नव्हे. सगळं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असतं. नववीत असताना याची दृष्टी गेली. शाळा सुटली, घोडी सुटली नाही. आजही चंदीचा तोबरा तोच बांधतो, खरारा तोच करतो. हात अंगभर फिरतो तेव्हा कुठे खरचटलंय, कुठे गोचीड आहे, कोणता पाय बाकीच्यांपेक्षा गरम लागतोय, हे घरात सगळ्यांच्या आधी त्याला कळतं. घोडी डांबरी रस्त्यावरून गेली की एखादी टाप हलकी पडतेय की नाल सैल झालीय, हे तो बसल्या जागेवरून सांगतो. यात कसलीही दिव्यदृष्टी नाही हो! "एक इंद्रिय गेलं की देव दुसरं देतो" हे वाक्य मला आताशा ऐकवत नाही. सराव देतो, देव नाही. आणि सराव करायला जनावर हाताशी असावं लागतं.

आता धोक्याचं. घोडा धोक्याचा आहेच, लाथ डोळसालाही बसते. पण जरा घोड्याच्या बाजूनं बघा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना. आजूबाजूचं जवळजवळ सगळं त्याला दिसतं, पण थेट कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून पागेचा पहिला धडा असा, की जवळ जाताना बोलत जा, मागून वळसा घेताना पुठ्ठ्यावर हात ठेवून अंगाला लगटून जा. डोळस पोरांना हे शिकवता शिकवता मोतद्दार थकतात. अंध माणूस आपसूकच तसा वागतो.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो कुणी बोलत नाही. वाट घोड्याला दिसते, पण स्वाराच्या डोक्याशी येणारी बाभळीची फांदी हा काही घोड्याचा प्रश्न नसतो. तेव्हा मोकळं मैदान हवं, शांत घोडं हवं, सोबत माणूस हवा. नगर-पुणे रस्त्यावर सोडा असं कोण म्हणतंय? हा मुलगा भावाच्या घोड्यामागून जातो. पुढच्याच्या गळ्यात घुंगरं असतात, त्यांच्या आवाजावर याचं चालतं.

ही युक्ती जुनीच आहे. इंग्लंडात १७१७ साली जन्मलेला जॉन मेटकाफ सहाव्या वर्षी देवी येऊन आंधळा झाला. पुढे घोड्यावरून शिकारीला गेला, घोड्यांचा व्यापार केला, यॉर्कशायरात मैलोगणती रस्ते बांधले. एका शर्यतीत त्यानं जागोजागी घंटा वाजवणारी माणसं उभी केली होती, असं सांगतात. पॅरालिम्पिकमध्ये १९९६ पासून घोडेस्वारी आहे. तिथे अंध स्वारासाठी मैदानाच्या कडेनं माणसं खुणेची अक्षरं पुकारतात. आणि परदेश तरी कशाला? दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात अंध मुली दोरीच्या मल्लखांबावर चढतात. "मल्लखांब कशाला" असं त्यांनाही कुणी विचारलं असेलच.

आपल्या नगरात (अहिल्यानगर म्हणायला जीभ हळूहळू वळतेय) मलिक अंबरच्या घोडदळावर आणि चोंडीच्या अहिल्यादेवींवर आपण भाषणं ठोकतो. अंध मुलांना घोडा मिळतो तो ३ डिसेंबरला, अपंग दिनी. असा एक कार्यक्रम मी पाहिला. मुलाला वर बसवलं, लगाम दुसऱ्याच्या हातात, एक चक्कर, फोटो, लाडू, की उतर खाली! याला घोडेस्वारी म्हणत नाहीत, वरात म्हणतात. त्या मुलाच्या हाती खरारा का दिला नाही? खोगिराचा तंग त्याला का आवळू दिला नाही? २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगांच्या खेळातल्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. असो. कायदा दाखवून कुणी घोडा देत नाही.

गेल्या आठवड्यात या मुलाला घेऊन मी एका तबेल्यात गेलो. मालकांनी त्याला काहीच विचारलं नाही, मला विचारलं, "याला जमेल का? जबाबदारी कोण घेणार?" तोवर तो एका घोड्याच्या कुशीला कान लावून उभा होता. "आतडी वाजतायत, बरंय," म्हणाला. (पोटशूळ उठला की कधी कधी घोड्याचं पोट अगदी गप्प होतं, आणि तेच वाईट.) मी मालकांना विचारलं, "तुम्ही कधी असं ऐकता का हो?"

"त्याला डॉक्टर आहेत की."

"आणि रात्री दोन वाजता?"

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत.