रस्त्याचा पृष्ठभाग आणि दुचाकीस्वारांची सुरक्षितता

रस्त्यावरील खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास मृताच्या वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. सुरक्षित रस्ता मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, ही या आदेशामागील भूमिका होय. भरपाईच्या तरतुदीमुळे यंत्रणांवर वचक बसेल, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र खड्डा हे रस्त्याच्या बिघाडाचे शेवटचे आणि सर्वांत ठळक रूप असते. त्याआधीची रूपे सहसा नजरेत भरत नाहीत आणि त्यांचा सर्वाधिक धोका दुचाकीस्वारांना असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशातील ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवरील होत्या. याच अहवालात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांतील मृतांची संख्या १ हजार ८५६, म्हणजे एकूण मृत्यूंच्या जेमतेम एक टक्का, इतकी नोंदवली आहे. तर ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे दिले आहे. यावरून पृष्ठभागाचा वाटा नगण्य आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. खड्डा दिसताच दुचाकीस्वार एकदम बाजूला वळतो आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली सापडतो, तेव्हा नोंद 'मागून धडक' अशी होण्याचा संभव अधिक असतो. सुट्या खडीवरून दुचाकी घसरली, तर 'अतिवेग' किंवा 'वाहनावरील नियंत्रण सुटले' एवढे कारण पुरेसे मानले जाते. नियंत्रण का सुटले, हा प्रश्न पुढे विचारला जात नाही.

चारचाकी वाहनाचे एक चाक घसरले, तरी उरलेली तीन चाके त्याला सावरतात. दुचाकीचा सगळा तोल दोन टायरांच्या तळहाताएवढ्या भागांवर अवलंबून असतो. त्यांपैकी पुढच्या चाकाची पकड सुटली, तर सावरण्यासाठी क्षणभराचाही अवधी मिळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन चालकाच्या प्रतिक्रियेला लागणाऱ्या एका सेकंदातच सुमारे १७ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या, खरखरीत डांबरी रस्त्यावर थांबण्यासाठी त्याला आणखी २० मीटर लागत असतील, तर घर्षण निम्म्यावर येताच हेच अंतर ४० मीटर होते. शिवाय कमी पकडीच्या जागी ब्रेक जोरात दाबल्यास दुचाकी थांबण्याआधीच आडवी होण्याची भीती असते.

ही पकड कमी होण्याची कारणे अनेक आहेत. वाहतुकीने घासून खडी गुळगुळीत होते. प्रमाणापेक्षा अधिक डांबर वापरलेल्या जागी उन्हाळ्यात ते वर येऊन काळा, चकचकीत थर तयार होतो. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल आणि धूळ यांचा निसरडा लेप बनतो. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि पुलांवरील सांध्यांच्या पट्ट्या ओल्या झाल्या की घसरड्या होतात. जलवाहिन्या किंवा केबल टाकण्यासाठी खोदलेले चर बुजवल्यानंतर खचतात. डांबरी आणि काँक्रीटच्या पट्ट्यांमध्ये किंवा रस्ता आणि साइडपट्टी यांच्यामध्ये काही सेंटिमीटरची पायरी राहते. मोटारीतील प्रवाशाला तिचा केवळ हलका धक्का जाणवतो. परंतु वाहनाच्या दिशेला समांतर असलेली हीच कड दुचाकीचे चाक अडकवून स्वाराला खाली पाडू शकते.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यायला हवी. संपूर्ण रस्ता खराब असेल, तर वाहनचालक आपोआप वेग कमी करतो. खरा धोका असतो तो चांगल्या रस्त्यावर अचानक येणाऱ्या वाईट जागेचा. गुळगुळीत महामार्ग वेगाला आमंत्रण देतो आणि त्यावरील एखादा खड्डा, वळणावर सांडलेली वाळू किंवा न रंगवलेला गतिरोधक घात करतो. म्हणूनच अतिवेग आणि पृष्ठभाग ही दोन स्वतंत्र कारणे मानणे योग्य नाही. बहुतेक वेळा ती एकत्रच काम करतात.

रस्त्याची गुणवत्ता मोजण्याची पद्धतही याला अपवाद नाही. पृष्ठभागाचा ओबडधोबडपणा मोजणारा आंतरराष्ट्रीय निर्देशांक हा मोटारीच्या एका चाकावर आणि त्याच्या स्प्रिंगवर बसणाऱ्या हादऱ्यांच्या गणितावर आधारलेला आहे. या कसोटीला उतरलेला रस्ता प्रवासाला सुखकर असतो, पण त्यावर पुरेसे घर्षण आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी असताना ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

कायद्याने मात्र याबाबत वाट दाखवली आहे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत खड्ड्यांमुळे १४ हजार ९२६ जणांचा बळी गेल्याचे डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९८-अ समाविष्ट झाले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांच्या मानकांचे पालन न झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या रस्त्यावर कोणत्या प्रकारची वाहतूक अपेक्षित होती, याचा विचारही न्यायालयाने करावा, असे हे कलम सांगते. तथापि अपघाताच्या नोंदीत पृष्ठभागाचा उल्लेखच नसेल, तर हे कलम लागू करण्यास पुरावा कोठून मिळणार?

अपघातांच्या संगणकीय नोंदणीसाठी आयआयटी मद्रासच्या साहाय्याने विकसित झालेल्या प्रणालीत पोलिसांबरोबर रस्ते विभागाच्या अभियंत्यांनीही माहिती भरणे अपेक्षित आहे. ही चांगली सुरुवात आहे. परंतु ज्या विभागाचा रस्ता, त्याच विभागाचा अभियंता तपासणीस येत असेल, तर त्याच्या तटस्थतेविषयी शंका राहणारच. दुचाकीचा जीवघेणा अपघात झालेल्या जागेची घर्षण, पायरी आणि सुटी खडी यांसाठी त्रयस्थ तपासणी होणे आणि ती दुरुस्तीपूर्वी होणे आवश्यक आहे.

दुचाकीस्वाराची स्वतःची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. प्रमाणित हेल्मेट, टायरची योग्य स्थिती आणि पावसात कमी वेग यांना पर्याय नाही. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झालेली एबीएस यंत्रणा चाक जखडू देत नाही. मात्र रस्त्याने न दिलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. ती देण्याचे काम रस्ता बांधणाऱ्यांचे आणि राखणाऱ्यांचेच आहे. भरपाईचा आदेश अपघातानंतर लागू होतो. त्याची वेळच येऊ नये, यासाठी रस्ता दुचाकीच्या चाकावरून पारखला गेला पाहिजे.